‘क्षणभंगुर’ शब्दाची दिंडी



वारीच्या वाटेवर नवा माणूस भेटला की आपण त्याचे नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘माउली, दिंडी कोणती?’ तो कोणाबरोबर चालतो हे कळले की त्याचे गाव, त्याचा फड, त्याची भजनाची चाल असे पुष्कळसे आपोआप कळते. शब्दांचेही असेच आहे. एखादा शब्द नेहमी कोणत्या शब्दांच्या संगतीने चालतो हे पाहिले, की तो शब्द कळतोच, आणि तो वापरणारी माणसेही कळतात. आज आपण अशाच एका शब्दाची संगत पाहू. तो शब्द आपल्या प्रवचनांत, कीर्तनांत आणि दुखवट्याच्या बैठकीत रोज येतो. तो शब्द म्हणजे ‘क्षणभंगुर’.

आधी एक करून पाहा. हा शब्द मनात उच्चारा आणि त्याच्या पुढे जे येईल ते येऊ द्या. आयुष्य, जीवन, देह, संसार, सुख, वैभव, तारुण्य. बहुधा यांतलेच काही आले असेल. आता त्याच्या भावंडांकडे वळा. ‘क्षणिक’ म्हटले की सुख, आनंद, मोह. ‘नाशवंत’ म्हटले की देह, आणि बाजार समितीत गेलात तर माल. ‘अल्प’ म्हटले की आयुष्य, बचत आणि सोसायटीचे अल्प मुदतीचे कर्ज. ‘तात्पुरती’ म्हटले की सोय किंवा मलमपट्टी. रंग म्हटला की तेरड्याचा, तोही तीन दिवस. पाणी म्हटले की अळवावरचे. आणि राज्य म्हटले की औटघटकेचे.

हा ‘औट’ शब्द मोठा बोलका आहे. औट म्हणजे साडेतीन. एक घटका 24 मिनिटांची, म्हणून औटघटकेचे राज्य 84 मिनिटांत संपते. आपल्या परंपरेत माणसाचा देहही औट हातांचा सांगितला आहे. ज्याने त्याने आपापल्या हाताने मोजावा, साडेतीन हात भरतो. राज्य आणि देह या दोन्हींना जुन्या मराठीने एकच माप लावले. एक काळात मोजले, दुसरे अंतरात.

आता या दिंडीत कोण नाही ते पाहा. ‘क्षणभंगुर दुःख’ असे आपण म्हणतो का? ‘क्षणभंगुर अपमान’, ‘क्षणभंगुर वैर’, ‘क्षणभंगुर अहंकार’ असे कधी कानावर पडते का? दुःख आपण डोंगराएवढे म्हणतो. वैर पिढीजात असते. अपमान जिव्हारी लागलेला असतो. राग मात्र कधीकधी क्षणिक होतो, पण केव्हा? त्या रागाच्या भरात कोणाचे डोके फुटले आणि प्रकरण कचेरीत गेले की मग आपण ‘क्षणिक रागाच्या भरात झाले’ असे म्हणतो. तोवर तो राग आपण वर्षानुवर्षे पाळलेला असतो. म्हणजे सुख तेवढे क्षणाचे आणि दुःख, वैर, मान ही सारी कायमची, असा आपल्या बोलण्याचा हिशेब आहे. हा हिशेब कुठून आला आणि आपल्या संतांनी तो कसा मांडला, हे पाहण्यासाठी या शब्दाचा इतिहास थोडा चाळू.

पाणिनींच्या अष्टाध्यायीत ‘भंगुर’ शब्द साधून देणारे एक सूत्र आहे. मूळ धातू ‘भञ्ज्’, म्हणजे मोडणे. त्याच सूत्रात ‘भासुर’ आणि ‘मेदुर’ हे शब्दही सिद्ध होतात. ज्या प्रकरणात हे सूत्र येते, तिथल्या प्रत्ययांचा अर्थ ‘तसा स्वभावच असणे’ असा आहे. म्हणून भंगुर वस्तू फुटायला बाहेरून कोणी धक्का द्यावा लागत नाही. फुटणे तिच्या अंगचेच असते.

आणि ‘क्षण’? आज आपण तो ‘जरासा वेळ’ एवढ्याच ढोबळ अर्थाने वापरतो. पूर्वजांनी तो मोजला होता, आणि निरनिराळ्या प्रकारे मोजला होता. अमरकोशात 18 निमेषांची एक काष्ठा, 30 काष्ठांची एक कला, 30 कलांचा एक क्षण, 12 क्षणांचा एक मुहूर्त आणि 30 मुहूर्तांची एक दिवसरात्र सांगितली आहे. मुहूर्त 48 मिनिटांचा, म्हणून अमरकोशाचा क्षण भरतो चार मिनिटांचा. चार मिनिटांत एखादा अभंग म्हणून होतो. बौद्ध आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात मात्र क्षण अगदी सूक्ष्म आहे. तिथे 120 क्षणांचा एक तत्क्षण, 60 तत्क्षणांचा एक लव, 30 लवांचा एक मुहूर्त. आकडेमोड केली तर एका सेकंदात असे 75 क्षण बसतात. बलवान माणसाने एकदा चुटकी वाजवली की तेवढ्यात 65 क्षण निघून जातात, असे उदाहरणही त्यांनी दिले आहे.

एवढा बारीक क्षण त्यांना कशाला हवा होता? बौद्ध पंडितांचा एक मोठा सिद्धांत होता, क्षणभंगवाद. जे जे आहे ते ते प्रत्येक क्षणी नाहीसे होते आणि पुढच्या क्षणी तसेच दुसरे उभे राहते, असे ते मांडत. दिव्याची ज्योत रात्रभर एकच दिसते, पण ती प्रत्येक क्षणी नवी असते, तसे सारे जग. अकराव्या शतकात विक्रमशिला विद्यापीठातले आचार्य रत्नकीर्ती यांनी ‘क्षणभंगसिद्धी’ नावाचा ग्रंथच लिहिला. या पंडितांच्या सभेत ‘क्षणभंग’ शब्दाची संगत कोणाशी होती? सगळ्यांशी. देहाशी होती तशी दगडाशी, सुखाशी होती तशी दुःखाशी, मित्राशी होती तशी वैऱ्याशी. कोणालाही वगळलेले नव्हते.

त्यांना उत्तर देणारेही तोलामोलाचे होते. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात आरंभीच क्षणभंगाचे खंडन हाती घेतले. त्याआधी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आठवणीचा मुद्दा मांडला होता. काल पाहिलेली गोष्ट आज आठवते, याचा अर्थ पाहणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. पाहणारा कालच संपला असेल तर आज आठवतो कोण? म्हणजे वाहणाऱ्या सगळ्या गोष्टींत एक न वाहणारा आहे, असे वेदान्ताने सांगितले. वाद शतकानुशतके चालला. एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडे मतभेद नव्हता. देह, धन आणि मान जाणारे आहेत.

पंडितांच्या सभेतून हा विचार काव्यात आला. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात तारुण्य, लक्ष्मी, भोग आणि आयुष्य यांच्या चंचलतेचे वर्णन वारंवार येते. आपल्या बोलण्यातल्या जोड्या पुष्कळशा या वाटेने आल्या आहेत. पण वाचकहो, विशेषण कोणत्या नामाला लागले एवढे पाहून थांबू नका. त्याच्यानंतर कोणती क्रिया येते तेही पाहा. ‘हे सारे क्षणभंगुर आहे, म्हणून...’ या ‘म्हणून’च्या पुढे काय आहे? भर्तृहरीच्या वैराग्यात त्यापुढे पुष्कळदा गंगेचा काठ येतो, हिमालयातली शिळा येते, अरण्य येते. घर सोडून निघण्याची ती वाट आहे.

आता आपल्या माउलींकडे येऊ. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या 33व्या श्लोकात भगवंतांनी या लोकाला अनित्य आणि सुखरहित म्हटले आहे आणि लगेच पुढे आपले भजन करायला सांगितले आहे. या एका श्लोकावर माउलींनी मृत्युलोकाचे जे विस्तृत वर्णन केले आहे ते पुन्हा एकदा काढून वाचा. चंद्रालाही जिथे क्षय चुकलेला नाही, जिथे उगवणे हे मावळण्यासाठीच असते, आणि सापाच्या तोंडात अर्धा गेलेला बेडूक जिथे अजून माशी पकडायला जीभ काढतो, असा हा बाजार त्यांनी दाखवला आहे. वर्णन इतके कठोर आहे की वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच्या शेवटी माउली अर्जुनाला अरण्यात पाठवत नाहीत. झडझडून ऊठ आणि भक्तीच्या वाटेला लाग, असे सांगतात. ज्याला हे सांगितले तो रथात उभा होता आणि पुढे त्याला त्याच रथात राहायचे होते.

इथे ‘क्षणभंगुर’ या विचाराची संगत बदलली, हे आपण ध्यानात घ्यावे. ‘जाणारे आहे, म्हणून सोडून जा’ हे वाक्य ‘जाणारे आहे, म्हणून आत्ताच भज’ असे झाले. आणि ते घराघरांत आले. सावता महाराज अरणला मळ्यात राहिले. जनाबाई जात्यापाशी राहिल्या. सेना महाराजांची धोपटी सुटली नाही. तेरचे गोरोबाकाका तर कुंभार. आपल्या हातची वस्तू एक दिवस फुटणार हे त्यांच्याइतके रोज कोणाला दिसत असेल? मडके चाकावरून उतरते तेव्हाच त्याचे खापर ठरलेले असते. तरी काकांनी चाक थांबवले नाही. उलट संतांच्या मेळ्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहण्याचे काम त्यांच्याकडेच आले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. भंगुर मातीचे काम करतानाही पक्के भाजणे असते, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता या इतिहासातल्या सर्वांत कठीण वर्षांकडे वळू. 1629 ते 1632 या काळात दख्खन आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ कोसळला. 1630 मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. विक्रम संवत 1687 चे ते वर्ष, म्हणून गुजरातेत लोक त्याला ‘सत्याशियो’ म्हणत आले. शाहजहानच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशाहनाम्यात लिहून ठेवले आहे की भाकरीच्या तुकड्यासाठी माणसे जीव द्यायला तयार होती, पण घेणारा नव्हता, आणि मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळून विकली जात होती. बादशहा तेव्हा तापीकाठी बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. त्याने अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटावेत असा हुकूम दिला. त्याच बुऱ्हाणपुरात 17 जून 1631 रोजी त्याची बेगम मुमताज महल बाळंतपणात वारली. पुढल्या वर्षी आग्ऱ्याला यमुनेच्या काठी तिच्या कबरीचे काम सुरू झाले. संगमरवर आणि रत्ने लावून, हजारो कारागीर लावून, ‘जाणारे’ धरून ठेवण्याचा मानवी मनाचा तो एक फार मोठा प्रयत्न होता. त्यामागचे दुःख खरे होते. त्याला नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही.

त्याच दुष्काळात देहूला इंद्रायणीच्या काठी दुसऱ्या एका घरातही पत्नी गेली. तुकोबारायांचा जन्म 1608 चा धरला तर त्यांचे वय तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. घरात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. आई-वडील आधीच गेले होते. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन घर सोडून गेले होते. दुष्काळाने धन गेले, मान गेला, थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, आणि मुलगा संतूही गेला. आपल्या आत्मपर अभंगात तुकोबांनी यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगितल्या आहेत. त्या सांगताना त्यांनी मोठा शब्द वापरलेला नाही. लाज वाटली, दुःख झाले, असे साधे सांगून ते पडक्या देवळाच्या दुरुस्तीकडे वळतात.

आता विचार करा. तुकोबांच्या वडिलांच्या वेळेपासून गावातल्या लोकांकडे येणे होते. त्याची खते घरात होती. ज्यांच्याकडे येणे, ती माणसेही त्याच दुष्काळातून गेलेली. कोणाचा बैल गेला होता, कोणाचे पोर गेले होते. कर्ज मात्र कागदावर जसेच्या तसे होते. दुष्काळात माणसे मरतात, गुरे मरतात, विहिरी आटतात, पण खतावरची शाई आटत नाही. व्याज तर वाढतच जाते. ज्याला आपण क्षणभंगुर संसार म्हणतो त्यात सर्वांत टिकाऊ वस्तू हीच असते.

18व्या शतकात महिपतींनी संतचरित्रे लिहिली, त्यांत पुढची हकीकत सांगितली आहे. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा संसार होता, त्यांचा अर्धा वाटा त्यांना दिला. स्वतःचा अर्धा वाटा इंद्रायणीच्या डोहात सोडला.

ही हकीकत आपण शेकडो वेळा ऐकली आहे. आजच्या आपल्या शब्दाच्या प्रकाशात ती पुन्हा पाहा. नाशिवंतपणाचा विचार तुकोबांच्या हातात होता. तो त्यांनी कशाला लावला? दारात आलेल्या भुकेल्या कुळाला ‘देह नाशवंत आहे बाबा, रडू नकोस’ असे सांगता आले असते. त्यांनी तो विचार कुळाच्या देहाला लावला नाही, स्वतःच्या येण्याला लावला. माझे येणे, माझा हक्क, माझ्या घराची सावकारी, हे क्षणभंगुर. आणि हेही पाहा की कान्होबांचा वाटा त्यांनी पाण्यात टाकला नाही. वैराग्य आपल्या वाट्यापुरते. भावाच्या वाट्याला ते परस्पर लावायचे नसते.

पुढे त्याच इंद्रायणीत आणखी एक गोष्ट बुडाली. परंपरा सांगते की तुकोबांच्या अभंगांच्या वह्या त्यांना स्वतःच्या हाताने बुडवाव्या लागल्या आणि तेराव्या दिवशी त्या वर आल्या. एकाच नदीत एकाच माणसाने दोनदा कागद सोडले. पहिल्या वेळी आपण होऊन सोडले, ते कधी वर आले नाहीत आणि कोणी त्यांची वाटही पाहिली नाही. दुसऱ्या वेळी सोडावे लागले, ते कोरडे वर आले आणि आज घरोघरी आहेत. कोणता कागद क्षणभंगुर आणि कोणता नाही, याचा निवाडा देहूकरांनी नदीच्या तोंडून ऐकला, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण इतिहास वाचायचा तो आपल्यासाठी.

बाजार समितीत पहाटे टोमॅटो घेऊन गेलेला शेतकरी उभा असतो. व्यापारी म्हणतो, ‘नाशवंत माल आहे, आज नाही गेला तर उद्या फेकावा लागेल.’ बोलणे खरे आहे. पण ते कोण कोणाच्या वस्तूबद्दल बोलतो आहे? दुसऱ्याच्या वस्तूला नाशवंत म्हटले की तिचा भाव पडतो. आपल्या वस्तूला नाशवंत म्हटले की आपली मूठ सैल होते. तोच शब्द पहिल्या ठिकाणी सौदा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी वैराग्य.

सज्जनहो, आपल्या धर्मकार्यातही हा पहिला प्रकार नकळत शिरतो. दशक्रियेच्या प्रवचनाचे उदाहरण घ्या. समोर तरुण विधवा बसलेली असते, लेकरू मांडीवर असते. आपण सांगतो की देह क्षणभंगुर आहे, आला तो जाणारच, शोक करू नये. सिद्धांत खरा आहे. पण गेलेला जर कर्जापायी गेलेला शेतकरी असेल, तर त्याच मांडवात त्याचे येणेकरीही बसलेले असतात. त्याच्या देहाला क्षणभंगुर म्हणणारे शंभर जण निघतात. त्याच्या कर्जाला क्षणभंगुर म्हणणारा एकतरी निघतो का? भावकीतल्या बांधाच्या भांडणाला, दहा वर्षे बंद असलेल्या बोलण्याला त्या दिवशी कोणी क्षणभंगुर म्हणतो का? तुकोबांच्या नावाने प्रवचन सांगायचे आणि त्यांनी ज्या बाजूला हा शब्द लावला त्याच्या उलट बाजूला तो लावायचा, याचा विचार आपण केला पाहिजे.

मग दुःखिताला सांगायचे तरी काय? बौद्ध पंडितांचा सिद्धांत मान्य केला तर दुःखही क्षणभंगुरच आहे. आपल्या वेदान्तानेही दुःखाला नित्य म्हटलेले नाही. म्हणून ‘दुःख जाईल’ हे खरेच. पण ते म्हणण्याचा पहिला अधिकार ज्याचे दुःख त्याचा. तुकोबा आपल्या दुष्काळाबद्दल बोलले, म्हणून ते बोलणे आपल्याला आधार देते. बाकीच्यांनी जवळ बसावे, चार दिवस भाकरी पोचवावी, रानात एखादी पाळी घालून द्यावी. आणि सांगायचेच असेल तर नाम सांगावे, कारण नाम घेताना कोणाला रडे आवरावे लागत नाही.

आता शेवटी पुन्हा ‘क्षण’ या शब्दाकडे येतो. आपण त्याला सारखे कमी लेखतो. क्षणाचे म्हणजे क्षुल्लक, असे आपल्या मनात बसले आहे. अमरकोशाने मात्र ‘क्षण’ शब्दाचे आणखी अर्थ दिले आहेत. काळाचा एक भाग हा एक अर्थ, काम थांबवून मिळालेला विसावा हा दुसरा, आणि तिसरा अर्थ उत्सव. क्षण म्हणजे उत्सव! वारकऱ्याला हा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात माउलींनी क्षण कोणाच्या संगतीला ठेवला आहे ते आठवा. तो देवाच्या दारात ठेवला आहे, आणि त्याच्याशेजारी चारी मुक्ती आणून बसवल्या आहेत. देह, धन, मान यांच्या संगतीत जो क्षण भंगुर ठरला, तोच देवाच्या दाराशी उभा राहिला तर एवढा मोठा होतो.

आपली आषाढीची वारीच पाहा. आळंदीहून आणि देहूहून ज्येष्ठ वद्यात निघायचे, ऊन-पाऊस अंगावर घेत आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचायचे, मग पददर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहायचे. आणि प्रत्यक्ष पायांवर डोके किती वेळ? मागचा माणूस ढकलतो, सेवेकरी ‘चला माउली, चला’ म्हणतात, आणि आपण बाहेर असतो. वसुबंधूंच्या मापाने मोजले तर फार तर शे-दोनशे क्षण. या दर्शनाला कोणी क्षणिक म्हणून नाक मुरडते का? त्यासाठी म्हातारी माणसे वर्षभर पै-पै साठवतात. अनेकांची वारी तर कळसाच्या दर्शनाने पुरी होते. म्हणजे कमी वेळ टिकणारी गोष्ट कमी मोलाची असते, हे म्हणणे वारकऱ्याने आपल्या पायांनी केव्हाच खोटे ठरवले आहे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. ‘भंगुर’ ज्या ‘भञ्ज्’ धातूपासून आला, त्याच धातूपासून ‘भंग’ आला आणि त्यापासून आपला ‘अभंग’. दोघे एकाच घरातले. देहूला, तेरला, अरणला, नेवाशाला जी माणसे राहिली ती सारी भंगुर देहाचीच होती. त्यांच्या कंठातून जे बाहेर पडले त्याला लोकांनी अभंग म्हटले. भंगुरातूनच अभंग निघतो, दुसरीकडून निघायला त्याला जागा नाही. म्हणून देहाला क्षणभंगुर म्हणताना आपल्या आवाजात तुच्छता नसावी. टाळ धरायला हाच हात आहे आणि वाट चालायला हेच पाय आहेत.

तेव्हा वाचकहो, यंदा वाटेने चालताना या विशेषणाला नवी संगत देऊन पाहा. दिंडीत पुढच्या रांगेचा मान मिळाला नाही, तर तो मान क्षणभंगुर म्हणा. तंबूतल्या जागेवरून शब्दाला शब्द लागला, तर आपला राग क्षणभंगुर म्हणा, आणि डोके फुटण्याच्या आधी म्हणा. गावाकडे कोणाकडे काही येणे राहिले असेल आणि त्याची परिस्थिती ओढाताणीची असेल, तर ते येणे क्षणभंगुर म्हणून पाहा. सारे पाण्यात सोडा असे कोण कोणाला सांगणार? तुकोबांनीही अर्धेच सोडले होते. पण त्यातला एखादा कागद आपल्यालाही सोडता येईल. वाटेत नदी पुष्कळदा लागते.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!